लगनाची मशीन

पहिले तीन महिने माह्या दुकानात लोक कॉफी प्याले आलेच नाहीत. लगन कोणाचं आहे, ते विचाराले येत.

ते साल ब्याऐंशी. तुमसर रोड स्टेशनच्या बाहेर, सायकल स्टँडच्या बाजूले, टिनाचं छप्पर टाकून मी एक्सप्रेसो कॉफीची मशीन लावली होती. आमच्या इकडे तवा ही मशीन फक्त लगनात दिसे. तेही मोठ्या लगनात. मांडवाच्या कोपऱ्यात मशीन फुसफुस करून राहिली म्हणजे समजाचं का पोरीच्या बापानं हात सैल सोडला. घरी गेल्यावर लोक भाजी कोणती होती ते विसरत, पण "मशीन होती बावा" हे सांगाले विसरत नसत.

तं अशी मशीन पहाटे पाच वाजता, ना मांडव, ना बाजा, नुसती रस्त्याच्या कडेले वाफ सोडून राहिली म्हणजे माणूस थांबणारच.

"काहो, कोनाचं लगन होय?"

"कोणाचंच नाही जी. दुकान आहे."

"अस्सं," म्हणे, आणि मान हलवत चालला जाय. उधारीच्या मशीनवर पोट्ट्याचं डोकं फिरलं असं वाटे त्याले.

मशीन मी गोंदियाच्या एका बिछायतवाल्याकडून, म्हणजे मांडव-भांडी भाड्यानं देणाऱ्याकडून, घेतली होती. जुनी. मले कोणी शिकवलं नाही. मॅट्रिकले गणितात उडालो होतो, घरी बसलो होतो. मशीन आणली, अंगणात बोरा अंथरून सगळे पुर्जे खोलले, मांडले, मंग जोडले. दोन पुर्जे उरले. परत खोलली. एक उरला. परत. पाचव्या बारीले काहीच उरलं नाही, आणि स्टो पेटवला तं वाफेचा काटा हळूहळू वर चढला. एका नळीचं वायसर गळत होतं, ते सायकलच्या ट्यूबचं कापून बसवलं. आई दुरून पाहे. म्हणे, "फुटंल तं घराबाहेर फोड."

मशीनले दोन तोट्या. एकीतून वाफ, ती दुधात सोडाची. दुसरीतून उकळतं पाणी. वाफेची तोटी कामाची. पाण्याची तोटी ग्लास धुवाले, बाकी तिचा काही उपयोग नाही, असं मी समजत होतो.

पहिलं गिऱ्हाईक चंद्रकांता. देव्हाडीच्या जागेश्वर पाटलाची पोरगी, गाव स्टेशनापासून एका मैलावर. भंडाऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमधे ऑपरेटर होती. रोज सकाळच्या पॅसेंजरनं वरठीपर्यंत, तिथून भंडाऱ्याले. दिवसभर कानाले फोन लावून "नंबर प्लीज, नंबर प्लीज" करून तिचा गळा बसला होता. दुकानासमोर उभी राहिली, मशीनकडे पाह्यलं, मंग माह्याकडे.

"लगन कोणाचं, ते नाही विचारत," ती म्हणे. "गळ्याले बरं वाटेल का?"

"पिऊन पाहा ना बाई."

पिऊन पाह्यलं. वरचा फेस ओठाले लागला तो पुसला आणि म्हणाली, "साखर कमी टाकत जा. आणि वरून ते चॉकलेटचं भुकटं नको. लगनात बसल्यासारखं वाटते."

दुसऱ्या दिवशी ती निर्मलाबाईले घेऊन आली. निर्मलाबाई वरठीच्या शाळेत मास्तरीण. तिसऱ्या दिवशी भैय्यालालजी आले. हे नागपूरच्या कोर्टात टायपिंग करत, बावन वर्षांचे, पँटची इस्त्री एवढी कडक का बसताना गुडघ्याजवळ दोन बोटांनी पँट वर उचलाचे. मंग भंडाऱ्याच्या पोस्टातला धनीराम आला. असं करत करत रोजचे सतरा-अठरा झाले. सगळे अपडाउनवाले.

मी दुकान घंटीवर बसवलं होतं. मागच्या मुंडीकोटा स्टेशनाहून गाडी सुटली का आमच्या स्टेशनवर पोर्टर रुळाचा तुकडा वाजवे, टन टन टन. तिथून अकरा मिनिटं. ग्लासात कॉफी आणि साखर मी आधीच फेटून ठेवत होतो. घंटी पडली का वाफेची तोटी खोलली. सगळे ग्लास चार मिनिटात तयार. लोक आरामात पीत, एकमेकाच्या साहेबाची नक्कल करत, आणि गाडी आली का खिडकीही सापडे. घंटीच्या आधी कोणी मागितली तरी मी देत नव्हतो. भैय्यालालजी म्हणत, "इश्वर, तू तो स्टेशन मास्टर से भी कडक है."

अशी दोन वर्षं गेली.

मंग चौऱ्याऐंशीच्या थंडीत चंद्रकांताचं जमलं. हेमराज नावाचा पोरगा, मूळचा दिघोरीचा, तुमसरले वीज मंडळाच्या ऑफिसात क्लार्क. बाप लहानपणीच गेला होता. मामानं वाढवलं, श्यामराव मामा. हेमराज एका रविवारी माह्या दुकानात येऊन कॉफीही पिऊन गेला होता. शांत पोरगा. ग्लास स्वतः धुवाले निघाला होता, मी हातातून हिसकला.

आमाले वाटलं झालं. तुमसरलेच राहील, हीच गाडी, हेच दुकान. पण एक दिवस घंटी पडली, मी तिच्या हातात ग्लास दिला, तरी ती पीतच नव्हती.

"काय झालं बाई?" मी विचारलं.

"मामांनी सांगितलं. लगन झाल्यावर मी दिघोरीले राहाचं. घर आहे, धान आहे. हेमराज शनिवारी येत जाईल."

"आणि नोकरी?" निर्मलाबाई म्हणाल्या.

"ते म्हणे, अंधारात घरून निघते, अंधारात घरी येते. कोणासोबत बसते, कोणासोबत उठते, कोणाले माहीत? हेमराज माह्या बाजूनं आहे, पण मामासमोर त्याचं तोंड उघडत नाही. शेवटी मामा म्हणाले, लगन होऊ दे, मंग पाहू."

"'मंग पाहू' म्हणजे नाहीच," भैय्यालालजी बोलले. कोर्टातला माणूस, त्याले तारखा समजतात.

"एवढी परीक्षा देऊन लागली होती," चंद्रकांता म्हणे. अर्धा ग्लास तसाच ठेवून गेली.

लगन माघातल्या मंगळवारचं होतं, संध्याकाळचं. वरात दिघोरीहून ट्रकनं दुपारी येणार होती. अपडाउनवाल्यांनी ठरवलं का सकाळी कामावर जाचं, साहेबाले सांगून लवकर निघाचं, दुपारच्या गाडीनं परत येऊन लगनाले उभं राहाचं. म्हणून त्या दिवशी पहाटे सगळे सजूनच आले होते. धनीरामनं केसाले एवढं तेल लावलं होतं का दिव्याचा उजेड त्यावर दिसे. निर्मलाबाईची जरीची साडी. भैय्यालालजीच्या पँटीवर तं माशी बसली असती तं कापली गेली असती.

थंडी अशी का दातावर दात. घंटी पडली, मी कॉफी दिली, ते पिऊन प्लॅटफॉर्मवर गेले. गाडी आली. मी ग्लास गोळा करून राहिलो होतो.

तेवढ्यात गेटातून माणसंच माणसं निघाली. पन्नासेक असतील. डोक्यावर पेट्या, अंगावर घोंगड्या, एकाच्या गळ्यात डफ, दोन बाया झोपेतल्या पोरांना खांद्यावर टाकून. आणि मधात एका घोंगडीच्या आत, हातात बाशिंगाचा डबा धरून, हेमराज.

वरात! दुपारची वरात पहाटे पावणेसहाले!

मागून समजलं, ट्रक आलाच नव्हता. वाट पाहून पाहून श्यामराव मामानं सगळ्यांले वडसाले नेलं, तिथून छोट्या लाइनच्या गाडीत रात्रभर गोंदिया, आणि गोंदियाहून आमची पॅसेंजर. जागेश्वर पाटलाले निरोप द्याची सोयच नव्हती. तो बिचारा तवा मांडवात गाढ झोपला असेल.

आमच्या इकडे एक रीत आहे. वरात थेट गावात शिरत नाही. वेशीवर थांबते. पोरीकडचे येतात, नवरदेवाकडच्या मोठ्या माणसांचे पाय धुतात, गूळपाणी देतात, तवाच वरात हलते. कोणी आलंच नाही तर वरात बसून राहाते आणि तो बसण्याचा राग वीस वर्षं जात नाही. वेशीवर ताटकळले म्हणून मारामारी झालेली लगनं मले माहीत आहेत.

सगळ्यात समोर एक उंच म्हातारा. पांढरी मिशी, खांद्यावर टॉवेल, पायात धुळीनं भरलेली चप्पल. हे श्यामराव मामा. इकडे-तिकडे पाहात आले, कोणी दिसत नाही तसा चेहरा कठीण होत गेला. आणि मंग त्याइची नजर माह्या मशीनवर पडली.

जागीच थांबले. मशीन वाफ सोडून राहिली होती, ग्लास ओळीनं मांडलेले.

"वा!" मामा मोठ्यानं म्हणाले. "याले म्हनतात पोरीवाले! आपन येऊन राहिलो हे कसं समजलं असंल गा याइले? स्टेशनवरच मशीन लावली!"

आणि माह्या बाकड्यावर बसले. चप्पल काढली. दोन्ही पाय समोर सोडले. बाकीचे चार म्हातारेही त्याइच्या बाजूले बसले आणि त्याइनंही पाय सोडले. दहा पाय, एका ओळीत, माह्याकडे तोंड करून.

मी हेमराजकडे पाह्यलं. त्याले सगळं माहीत, हे दुकान आहे ते माहीत. तो घोंगडीतून माह्याकडे असा पाहात होता का मले तिसऱ्या वर्गातला फळ्यासमोर उभा केलेला पोरगा आठवला.

तेवढ्यात गेटातून निर्मलाबाई बाहेर आल्या. मागून भैय्यालालजी, धनीराम. त्याइनं वरात उतरताना पाह्यली होती आणि मामाचं बोलणंही ऐकलं होतं.

"इश्वर," बाई हळूच म्हणाल्या, "मशीनमधे पाणी आहे?"

"आहे. बाई, गाडी! तीनच मिनिटं थांबते!"

"उद्याही येते ती. धनीराम, सायकल काढ. जागेश्वरजीले उठव. म्हणावं, जसे आहा तसे या."

धनीराम तेल लावलेल्या डोक्यानं सायकलवर उडी मारून गेला. आणि मंग गेटातून बाकीचेही निघाले. एक-एक करून, डबे हातात, मफलर गळ्यात. गाडीनं शिट्टी दिली. कोणी मागे वळून पाह्यलं नाही. गाडी गेली आणि प्लॅटफॉर्मवर एक कुत्रा राहिला.

भैय्यालालजी पुढे झाले. दोन्ही हात जोडले.

"पधारिए श्यामरावजी, पधारिए! तकलीफ तो नहीं हुई ना सफर में? हे आमचं भाग्य जी."

"तुमी कोन?"

"मी... पोरीचा चुलता."

हा माणूस खुर्चीवर बसताना पँट सांभाळतो. तो तिथं मातीत दोन गुडघ्यांवर बसला. मी बादलीत उकळतं पाणी सोडलं, थंड मिसळलं, बोट बुडवून पाह्यलं. भैय्यालालजीनं मामाचा पाय हातात घेतला आणि गरम पाणी टाकलं.

मामाचे डोळे मिटले.

"आ हा हा," ते म्हणे. "गरम पानी! अरे शामू, पाय धुवाले गरम पानी!" म्हणजे स्वतःलेच सांगून राहिले होते. "साठ वर्षांत किती वराती केल्या. सगळीकडे हिवाचं थंडगार पानी टाकतात, मानूस कुडकुडते अन् वरून हसा लागते. हे पाहा. हे पाहा. बोटायमधूनही जाऊ द्या जी थोडं."

"जाऊ देतो ना," भैय्यालालजी म्हणाले.

बाकीच्या चार म्हाताऱ्यांचे पाय आमच्या अपडाउनवाल्यांनी धुतले. एक बँकेचा कॅशियर, एक दवाखान्यातला कंपाउंडर, एक रेल्वेचा फिटर आणि एक शिकाऊ वकील. वकिलाच्या वाट्याले आलेल्या म्हाताऱ्याले गुदगुल्या होत होत्या. तो पाय ओढे, वकील धरे.

आता कॉफी. पन्नास माणसं. माह्याजवळ दूध पाच ग्लासांचं. तेवढ्यात मंगरू गवळी सायकलले दोन कॅन लटकवून तुमसरकडे जाताना दिसला.

"मंगरू! थांब! कॅन उतरव!"

"अबे हे हॉटेलाचं दूध आहे!"

"आज लगनाचं आहे!"

मंगरूनं वरात पाह्यली, मशीन पाह्यली, मले पाह्यलं. "म्हनजे शेवटी लगन झालंच का तुह्या मशीनचं!" आणि हसत हसत कॅन उतरवले.

माही मशीन एका वेळी अठरा-वीस ग्लासांची सवय असलेली. सलग पन्नास तिनं कधीच काढले नव्हते. पंचविसाव्या ग्लासाले काटा खाली आला. मी स्टोले पंप मारला. तिसाव्याले सायकलच्या ट्यूबच्या वायसरनं जागा सोडली आणि फुर्र करून वाफेचा फवारा सुटला. वरातीतली पोट्टी नाचाले लागली, त्याइले वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग. डफवाल्यानं डफ काढला. मी एका हातानं फडकं दाबून धरलं, दुसऱ्यानं ग्लास लावत गेलो. हात भाजला. पण पन्नासही ग्लासावर फेस आला, आणि प्रत्येकावर मी चॉकलेटचं भुकटं टाकलं. त्या दिवशी टाकलंच पाहिजे होतं.

तिकडे गडबड सुरू झालीच होती. एका म्हाताऱ्यानं कॅशियरले विचारलं, "तुमी कोन जी?"

"पोरीचा चुलता."

"अन् ते पँटवाले?"

"ते... ते मोठे चुलते."

"पन जागेश्वर पाटील तं एकटेच भाऊ होत ना?"

"म्हणजे दूरचे," कॅशियर म्हणाला, "आमी सगळे दूरचेच." आणि ग्लासात तोंड घातलं.

हेमराजनं बाशिंगाच्या डब्यामागे तोंड लपवलं होतं. खांदे हलून राहिले होते. रडून राहिला का हसून राहिला, समजे ना.

मामाची कॉफी संपली. मिशीवरचा फेस टॉवेलनं पुसला, समाधानानं ढेकर दिला आणि निर्मलाबाईले म्हणाले, "मावशी ना तुमी? आयका. माह्या मनात पोरीच्या नोकरीचं होतं. पन आता फैसला सोपा झाला. ज्या घराले स्टेशनवर मशीन लावता येते, गरम पान्यानं पाय धुता येतात, त्या घरच्या पोरीले नोकरीची गरज काय? शौक होता, झाला. दिघोरीले रानीवानी ठेवू."

निर्मलाबाईचा चेहरा उतरला. भैय्यालालजी उभे राहिले ते तसेच, गुडघ्याले चिखल लागलेला. हेमराजचे खांदे हलाचे थांबले.

आमीच केलं होतं. तिचं लगन वाचवाले निघालो आणि आमच्याच हातानं तिची नोकरी बुडवली. जेवढी कॉफी चांगली, तेवढी तिची नोकरी फालतू.

मले खोटं बोलता येत नाही. चांगुलपणा म्हणून नाही, जमतच नाही, माह्या कानाचे शेंडे लाल होतात. मी फडकं सोडलं, वाफ सुटली तं सुटली.

"मामाजी, ही लगनाची मशीन नोहे."

"म्हनजे?"

"माही आहे. दुकान आहे हे. रोज लावतो. तुमी येणार हे कोणालेच माहीत नव्हतं. जागेश्वर पाटलाची ऐपत नाही मशीन लावाची. चंद्रकांताबाईच्या पगारावरच त्याइच्या घरी लहान भाऊ शिकून राहिला."

डफवाल्याचा हात डफावरच राहिला.

मामानं भैय्यालालजीकडे पाह्यलं. "तुमी चुलते नोहे?"

"नाही जी. मी कोर्टात टायपिंग करतो."

"अन् बाई?"

"मास्तरीण आहे. वरठीच्या शाळेत."

"अन् हे सगळे दूरचे?"

"गाडीतले आहेत," मी म्हणलं. "चंद्रकांताबाई रोज याइच्यासोबत जाते. आताच ज्या गाडीतून तुमी उतरले, त्याच गाडीनं हे जाणार होते. सोडली."

मामा बाकड्यावरून उठले, ओल्या पायानं गेटापर्यंत गेले आणि रिकाम्या प्लॅटफॉर्मकडे पाह्यलं. कुत्र्यानं त्याइच्याकडे पाह्यलं. परत आले.

"सगळ्यायनं सोडली?"

"सगळ्यांनी."

"कायले?" त्याइचा आवाज चढला. "कोन लागते ती तुमची? तुमी, बावन-पचपन वर्साचा मानूस, माहे पाय काहून धुतले?"

निर्मलाबाई बोलल्या.

"गेल्या पावसाळ्यात रुळाखालची माती वाहून गेली होती. संध्याकाळची गाडी कोका स्टेशनच्या पुढे जंगलात उभी. सहा तास. चंद्रकांता खाली उतरली, फाटकावरच्या खोलीपर्यंत पाण्यातून चालत गेली आणि तिथल्या रेल्वेच्या फोनवरून, स्टेशन मास्तरामार्फत, तिच्या एक्सचेंजले जोडून घेतलं. जिथं जिथं फोन होता, प्रत्येकाच्या गावात, दुकानात, ग्रामपंचायतीत निरोप दिला का माणसं सुखरूप आहेत, उशीर होईल. अठरा घरांचे नंबर तिले तोंडपाठ होते. भैय्यालालजीची आई त्या निरोपानंतर जेवली. तुमी विचारता ना, अंधारात ती कोणासोबत बसते? याइच्यासोबत बसते. पाहून घ्या. सगळे इथंच आहेत."

मामानं खरंच पाह्यलं. एक-एकाकडे. कॅशियर, कंपाउंडर, फिटर, वकील. सगळे ओल्या हातानं उभे. वकिलाच्या हातात अजून त्या म्हाताऱ्याची चप्पल होती.

तेवढ्यात धापा टाकत जागेश्वर पाटील आले. धनीरामच्या सायकलवर डबलसीट, उघड्या अंगावर शाल, एका हातात लोटा, दुसऱ्यात गुळाची ढेप. उतरता उतरता पडले.

"माफी करा श्यामरावजी! माफी करा! मले माहीत नव्हतं! पाय... पाय धुतो..." आणि लोटा घेऊन मामाच्या पायाशी बसले.

मले वाटलं, आता वरात परत फिरते.

"उठा जागेश्वरजी," ते म्हणाले. "पाय धुनं झालं. तुमच्या लोट्यातलं पानी थंड असंल." मंग माह्याकडे वळले. "पाटलाले कॉफी दे. साखर कमी टाक. लई गोड करतोस तू."

नोकरीचं एक अक्षर बोलले नाहीत. हो नाही, नाही नाही. डफ वाजला, वरात गावाकडे निघाली. जाताना हेमराजनं माह्या भाजलेल्या हाताकडे पाह्यलं आणि घोंगडीतूनच हात जोडले.

लगन झकास झालं. आमी सगळे गेलो. वाढताना मामानं भैय्यालालजीच्या पानात स्वतः बुंदी टाकली, आणि मांडवात मशीन नव्हती याची कोणी तक्रार केली नाही. चंद्रकांता हळदीच्या अंगानं बसली होती, आमच्याकडे पाहून हसली, आणि भैय्यालालजी म्हणाले, "मंग पाहू, मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी ती दिघोरीले गेली. तिची सुटी पंधरा दिवसांची होती. त्या पंधरा दिवसांत मशीनले मी गोंदियाहून खरं वायसर आणून बसवलं, आणि भैय्यालालजीनं पँट धोब्याले दिली तरी गुडघ्याचा डाग गेला नाही. ते तीच पँट घालत. कोणी विचारलं तं सांगत, "ये मेरे समधी का दाग है." व्याह्याचा डाग.

सुटी संपली तो सोमवार. मी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी स्टो पेटवला. सगळे लवकर आले. कोणी तिचं नाव काढलं नाही. धनीराम सारखा तुमसरच्या रस्त्याकडे पाहे आणि मंग सायकलचं चाक पाहून राहिल्यासारखं करे. मी एक ग्लास वेगळा ठेवला, साखर कमी, भुकटं नाही.

टन टन टन.

मी तोटी खोलली. दहा मिनिटं. नऊ. आठ. रस्ता काळा. निर्मलाबाईनं डबा बॅगेत टाकला.

"चला," त्या म्हणाल्या.

तवा दूर एक टॉर्च दिसला. हलत, उड्या मारत. मंग बांगड्यांचा आवाज. हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत, पळताना वाजून राहिलेल्या. हेमराजची सायकल पाठीमागे, आणि सायकलच्या डंडीवर बसलेला, टॉर्च पुढे धरून, उंच म्हातारा.

"गेली का? गेली का गाडी?" चंद्रकांता ओरडली.

"सात मिनिटं आहेत!" आमी सगळे एकदम ओरडलो, जसं काही ती नागपुरात उभी होती.

तिच्या हातात मी ग्लास दिला. तिनं एका घोटात अर्धा संपवला, जीभ भाजली, हसली, परत प्याली. तिच्या बोटांवर हळदीचा पिवळेपणा अजून होता. तिनंच सांगितलं.

"परवा संध्याकाळी मामा म्हणे, सामान बांध. मी म्हणलं, कायचं? तर म्हणे, तुमसरले जाचं आहे ना, का त्या अठरा लोकायले गाडी सोडाले लावाची रोज?"

मामा तोवर सायकलवरून उतरून बाकड्यापर्यंत आले होते. डंडीवर बसून कंबर धरली होती, कुरकुर करत बसले. सगळ्यांनी राम राम घातला. भैय्यालालजीनं दोन बोटांनी पँट उचलली आणि मामाच्या बाजूले टेकले.

"दोन दिवस राहीन म्हनलं इथं," मामा म्हणाले. "पोरं नवीन आहेत, घर लावून देतो. अन् पाहू म्हनलं, पोरगी कोनत्या डब्यात बसते."

"तिसऱ्या," चंद्रकांता म्हणाली.

"तिसऱ्या," मामानं माह्याकडे पाहून सांगितलं, जसं मले माहीत नव्हतं. मंग इकडे-तिकडे पाह्यलं, हळूच चप्पल काढली आणि दोन्ही पाय समोर सोडले.

"इश्वर," ते म्हणे, "पानी गरम आहे का गा?"